ॲम्प सारखा प्रोटेक्टमध्ये जातोय? नवा घेण्याआधी हे मोजून बघा

"दाजी, ॲम्प परत बसला."

मेहुण्याचा हा वर्षभरातला तिसरा फोन, गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या ॲम्प्लिफायरबद्दल. लक्षण दरवेळी तेच. गाणं लावलं की सुरुवातीला सगळं झकास, मग आवाज वाढवला आणि बेसचा एक जोरदार ठोका आला की सब (बेस वाजवणारा मोठा स्पीकर, सबवूफर) गप्प. ॲम्पवरचा निळा दिवा जाऊन लाल लागतो, म्हणजे ॲम्प प्रोटेक्टमध्ये जाऊन स्वतःला बंद करतो. गाडी बंद करून चालू केली की दोन गाणी नीट आणि परत लाल. पहिला ॲम्प त्याने असाच महिनाभर रेटला, शेवटी तो कायमचा लाल झाला. मग बसवणाऱ्याने "याच्यात दमच नव्हता" म्हणत मोठ्या आकड्याचा दुसरा लावून दिला. खोक्यावर २००० वॅट. तो पहिल्यापेक्षाही लवकर बंद पडायला लागला. आता साहेब तिसरा घ्यायला निघाले होते आणि मला विचारत होते, ३००० चा घेऊ की ४००० चा?

म्हटलं, "आधी गाडी घेऊन ये. आणि येताना काही विकत घेऊ नकोस."

हा प्रकार इतक्या गाड्यांत बघितलाय, की लाल दिवा म्हटलं की मी ॲम्पकडे सगळ्यात शेवटी वळतो. प्रोटेक्ट लागला म्हणजे ॲम्प बिघडला असं नसतं, बहुतेक वेळा तो जीव वाचवत असतो. त्याला न सोसणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: फार कमी ओहमचा (रेझिस्टन्सचा) लोड, म्हणजे स्पीकर, पुरवठ्याचं व्होल्टेज खाली जाणं, जास्त तापणं आणि स्पीकरची वायर कुठेतरी बॉडीला टेकणं. यातली एकही गोष्ट मोठा ॲम्प आणून सुटत नाही. उलट मोठा ॲम्प जास्त करंट ओढतो, म्हणजे वायरिंग कच्चं असेल तर दुखणं वाढतंच.

आधी गुन्हेगार ठरवा

लाल दिवा कधी लागतो यावरूनच अर्धा तपास होतो. चावी फिरवताच लागत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ॲम्प आतून गेलाय. बेसच्या ठोक्याला लागत असेल तर ओहम किंवा व्होल्टेज. वीस-पंचवीस मिनिटांनी लागत असेल आणि ॲम्पला हात लावल्यावर चटका बसत असेल, तर उष्णता.

मग पाच मिनिटांची परीक्षा. ॲम्पच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा, आरसीएही (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढा. फक्त प्लस, अर्थ आणि रिमोटची (स्टिरिओबरोबर ॲम्प चालू करणारी) वायर ठेवा. चालू करा. तरीही लाल असेल तर ॲम्पच्या आउटपुटचे ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट झालेत, तो दुरुस्तीवाल्याकडे द्या, पुढचं वाचून उपयोग नाही. लाल नसेल तर आधी आरसीए जोडा, मग एकेक स्पीकर. ज्या वायरीला लाल लागेल ती धरायची. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर चिमटून सोलली जाते, किंवा ॲम्पच्या टर्मिनलमधून निसटलेली एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. ही दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती शोधायला माझा अख्खा रविवार गेला होता.

मेहुण्याचा ॲम्प या परीक्षेत पास झाला. निळा दिवा, शांत. म्हणजे ॲम्प धडधाकट होता आणि खोट बाहेर होती.

ओहमचा घोळ

सबच्या पेटीमागच्या वायरी काढल्या आणि मल्टिमीटर लावला. मीटरच्या पिनांचं वजा करून ०.९ ओहम.

इथे एक सूचना. साध्या मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो शून्याऐवजी ०.२-०.३ दाखवतो. तेवढं वजा करायचं. शिवाय मीटर दाखवतो तो कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, जो लेबलवरच्या आकड्यापेक्षा नेहमी थोडा कमी येतो. ४ ओहमच्या कॉइलला ३.२ ते ३.७ येणं अगदी योग्य. म्हणजे वजाबाकी करून राहिलेलं ०.९ हे लेबलच्या भाषेत १ ओहम.

त्याचा सब बारा इंची, ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत सोसता येणारे वॅट), दोन कॉइलींचा, प्रत्येक कॉइल २ ओहमची. बसवणाऱ्याने दोन्ही कॉइली पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्या होत्या, म्हणून १ ओहम. आणि जो पहिला ॲम्प जळाला त्याच्या तळाशी स्पष्ट छापलेलं होतं: किमान २ ओहम. ओहम अर्धा झाला की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. बिचारा महिनाभर तग धरून होता हेच खूप.

दुसऱ्याची तऱ्हा आणखी वाईट. तो दोन चॅनलचा ॲम्प, ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र जोडून, एकाच सबला लावलेला. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला लोडचा निम्मा ओहम दिसतो. म्हणून जो ॲम्प प्रत्येक चॅनलवर २ ओहम झेपवतो, त्याला ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली लावायचं नसतं. इथे ब्रिजला १ ओहम लावलेला. म्हणजे प्रत्येक चॅनलला अर्धा ओहम! मेहुणा म्हणाला, "पण दाजी, दोन गाणी तर मस्त वाजायचा." वाजणारच. कमी ओहमला सुरुवातीला दणका जास्तच बसतो, म्हणून तर लोक फसतात.

दोन्ही कॉइली सिरीजमध्ये घेतल्या: एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं ॲम्पला. मीटरवर ३.६. ब्रिजला चालणारा लोड मिळाला.

सब विकत घेताना हे गणित डोक्यात हवं. दोन कॉइलींच्या ४ ओहमच्या एका सबचे २ किंवा ८ ओहम होतात. २ ओहमच्या एका सबचे १ किंवा ४. मधलं काही होत नाही. "माझा ॲम्प २ ओहमला सगळ्यात जास्त वॅट देतो" म्हणून कोणी २ ओहमच्या दोन कॉइलींचा एकच सब आणला, तर त्या जोडीतून २ ओहम कधीच निघणार नाहीत. तसे दोन सब असतील तर निघतात: प्रत्येक सबच्या कॉइली सिरीजमध्ये घेऊन ४-४, मग दोन्ही सब एकमेकांना पॅरलल. सब आणि ॲम्पची निवड एकाच कागदावर करायची ती यासाठी.

व्होल्टेज कुठे गळतंय

परत गाणं लावलं. या वेळी दोन गाणी गेली, चार गेली, पंधरा मिनिटं झाली. मेहुणा खुशीत आवाज वाढवत गेला आणि विसाव्या मिनिटाला लाल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू ॲम्प मीच विकला होता.

आता मीटर व्होल्टवर. गाणं लावून व्होल्टेज मोजायला जाऊ नका, आकडा नाचतो आणि काही कळत नाही. ५० हर्ट्झचा एकसुरी टेस्ट टोन लावायचा, इंजिन चालू ठेवायचं. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.४. ॲम्पच्या टर्मिनलवर १०.९. अडीच व्होल्ट वाटेत गायब.

बहुतेक ॲम्प १० व्होल्टच्या आसपास खाली आले की स्वतःहून बंद होतात. मीटर सरासरी दाखवतो, ठोक्याच्या क्षणाला खरं व्होल्टेज त्याहून खाली बुडतं. आणि बंद पडला नाही तरी नुकसान आहेच. आतला पॉवर सप्लाय रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) नसेल तर आउटपुटचे वॅट पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतात. १४.४ व्होल्टला जितके वॅट मिळतात त्याचे १२ व्होल्टला साधारण ७० टक्केच. म्हणजे वायरिंग सुधारणं हा फुकटात मोठा ॲम्प मिळवण्याचा मार्ग आहे.

हरवलेले व्होल्ट शोधायची रीत सोपी आहे, पण ती कुणी करत नाही. टोन चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी ॲम्पच्या प्लसला. जो आकडा येईल तेवढं त्या वायरीत आणि फ्यूजच्या घरात जातंय. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला. लांब वायरचा एक तुकडा जोडून पिन लांबवावी लागते, एवढंच. आमच्याकडे प्लसच्या बाजूला ०.६ आणि अर्थच्या बाजूला १.९ आले. बेरीज बरोबर अडीच.

सीट काढलं. अर्थची वायर मागच्या सीटच्या ब्रॅकेटच्या बोल्टाखाली दाबलेली. बोल्ट सोडवला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) रंगावर बसलेलं, त्याचा धातूशी संबंध फक्त बोल्टाच्या आट्यांतून. थिंबल पकडीने चेपलेलं, जरा ओढलं तर अर्ध्या तारा हातात आल्या. त्याच्यालगतचं काळं प्लास्टिक तापून तापून कडक आणि सुरकुतलेलं. करंट तिथे उष्णता होऊन बाहेर पडत होता.

सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट अर्थिंगला मुळीच वापरायचे नाहीत. ते जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेले असतात, आणि रंग, गोंद, सीलंट यांमुळे त्यांचा संपर्कही भरवशाचा नसतो. डिकीतल्या पत्र्यावर जागा निवडली. खालून वाकून बघितलं की तिथे टाकी, ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा काही नाही. हे न बघता ड्रिल चालवणाऱ्यांना मी गाडीला हात लावू देत नाही. रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून पांढरा धातू काढला, थिंबल नीट प्रेस करून बसवलं, दातेरी वॉशर, नट-बोल्ट, आणि आवळून झाल्यावर गंज चढू नये म्हणून वरून रंगाचा हात. वायर जेमतेम ४० सेंटिमीटर. परत मोजलं. १.९ चे ०.०८ झाले.

काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत ॲम्पचा अर्थ थेट त्या टर्मिनलला नेऊ नका, बॉडीलाच द्या. नाहीतर ॲम्पचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

प्लसची वायर नावाला ८ गेज. ब्लेडने एक तार खरवडली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. अशी वायर तांब्याच्या तुलनेत दीडपटीहून थोडा जास्तच रेझिस्टन्स देते. शुद्ध तांब्याची ८ गेज वायर म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, मीटरला २ मिलिओहमच्या आसपास. पाच मीटर लांबी आणि ४५ अँपिअर धरले तर तांब्यात अर्ध्या व्होल्टच्या थोडं खाली जातं, मुलाम्याच्या वायरीत पाऊण व्होल्टच्या आसपास. ४ गेज तांबं म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, तिथे तेवढ्याच करंटला ०.२ व्होल्टही जात नाहीत. गेजच्या नावावर जाऊ नका, जाड प्लास्टिकमध्ये बारीक वायर घालून विकायची कला जुनी आहे. चौरस मिलिमीटर विचारा आणि कापलेलं टोक डोळ्याने बघा.

फ्यूजबद्दल एवढंच, की बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत तो हवाच. तो वायरीसाठी असतो, ॲम्पसाठी नाही. बॉडीला वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणं हा उपाय नव्हे. मेहुण्याने तेही करून बघितलं होतं. आणि बॅटरीजवळच्या वायरिंगचं काम करण्याआधी मायनस टर्मिनल काढा.

बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्टेज कोसळत असेल, इंजिन चालू असून टोनला १२.५ च्या खाली जात असेल, तर वायर निर्दोष आहे. मग बॅटरी, अल्टरनेटर किंवा बॉनेटमधल्या मूळ जाड वायरी तपासा. इंजिन बंद ठेवून वाजवायची सवय असेल तर पूर्ण चार्ज बॅटरीसुद्धा १२.६ पासूनच सुरुवात करते हे लक्षात असू द्या.

इथे कोणीतरी हमखास सांगतो, "एक फॅरडचा कपॅसिटर (बॅटरीच्या जोडीला वीज साठवणारा डबा) लाव." गणित करा. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत एक फॅरडमधून २६ ज्यूल मिळतात. ५०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाचा विसावा भाग पुरतील. त्यानंतर तो कपॅसिटर परत भरायचं कामही त्याच अल्टरनेटरला. त्याच्यावरचा निळ्या आकड्यांचा दिवा सुंदर दिसतो, यात वाद नाही.

उष्णतेचं थोडक्यात: ॲम्प कार्पेटमध्ये गुंडाळू नका, पार्सल शेल्फच्या खाली उलटा टांगू नका, सबच्या पेटीवर स्क्रूने मारू नका. ॲम्पला वर आणि बाजूला चार बोटं जागा द्या.

मग नवा ॲम्प घ्यायचा की नाही

अर्थ आणि ओहम सुधारल्यावर तोच 'खराब' २००० वॅटचा ॲम्प दोन महिने एकदाही लाल झाला नाही. मेहुणा मात्र एव्हाना मनाने नवा घेऊन बसला होता. घेतलाच. पण या वेळी निवडायची पद्धत उलटी होती: ॲम्पकडून सबकडे न जाता सबकडून ॲम्पकडे.

पहिली गोष्ट, खोक्यावरचा मोठा आकडा वाचूच नका. मॅक्स, पीक, टोटल, म्युझिक पॉवर, यातलं काहीही कामाचं नाही. आरएमएस वॅट, तेही किती ओहमला, किती व्होल्टला आणि किती डिस्टॉर्शनला (आवाज बिघडण्याच्या प्रमाणाला), हे हवं. सीटीए-२००६ हे अमेरिकेतल्या कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशनचं मानक (जुन्या ॲम्पवर सीईए-२००६ दिसेल) हेच सांगतं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्क्यापेक्षा जास्त डिस्टॉर्शन नाही. हा उल्लेख असलेला आकडा मी डोळे झाकून नाही, पण निम्मे झाकून मानतो.

उल्लेख नसेल तर फ्यूज बघा. ॲम्पवरच्या फ्यूजांची बेरीज गुणिले १३.८, आणि त्याला क्लास डी असेल तर ०.८ ने, एबी असेल तर ०.६ ने गुणा (डी आणि एबी हे ॲम्पच्या आतल्या रचनेचे दोन प्रकार). मेहुण्याच्या २००० वॅटवाल्यावर ३० अँपिअरचा एकच फ्यूज होता आणि तो एबी. ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४, गुणिले ०.६, साधारण २५०. दोन हजारांतले साडेसतराशे रंगात आणि छपाईत होते. ही रीत ढोबळ आहे, पण फ्यूजपेक्षा जास्त करंट ॲम्प सतत ओढूच शकत नाही, त्यामुळे मोठी थाप लगेच उघडी पडते.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅट म्हणजे ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५०० वॅट आरएमएसच्या सबला ४०० चा ॲम्प घेतला तर फरक एका डेसिबलचा, जो चालत्या गाडीत कोणाला कळणारही नाही. सबच्या आरएमएसच्या तीन-चतुर्थांश ते सव्वापट यामध्ये जे नीट मिळेल ते घ्या आणि उरलेली चिंता पेटीच्या मापावर खर्च करा. चुकीच्या पेटीतला सब कुठल्याही ॲम्पने सुधारत नाही.

तिसरी, ओहम. सिरीजचे ४ ओहम ठेवून ४ ओहमला ४०० वॅट देणारा मोनो (एकाच चॅनलचा ॲम्प) शोधायचा, की पॅरललचे १ ओहम ठेवून '१ ओहम स्टेबल' ॲम्प घ्यायचा? दोन्ही रस्ते बरोबर आहेत. १ ओहमवाला ॲम्प आकाराने लहान आणि खिशाला हलका पडतो. पण तितक्याच वॅटला त्याच्या आउटपुटमधून दुप्पट करंट जातो, तो जास्त तापतो आणि वायरिंगमधली प्रत्येक चूक मोठी करून दाखवतो. मला विचाराल तर जास्त ओहम, कमी ताप. आम्ही क्लास डी मोनो घेतला, ४ ओहमला ४०० वॅट, ४० अँपिअरचा फ्यूज. वरचं गणित लावून बघा: ४४०. आकडा प्रामाणिक.

सबला क्लास डी सोडून काही घेण्याचं आता कारण नाही. एबी निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत घालवतो, डी साधारण पाचवा भाग. दारांच्या स्पीकरना एबी की डी, यावर मी वाद घालत नाही, चांगले दोन्हींत आहेत.

चौथी, करंट. ४०० वॅट भागिले ०.८ म्हणजे ५०० वॅट इनपुट, भागिले १३.८ म्हणजे ३६ अँपिअर. गाण्यात सरासरी याच्या बरीच खाली राहते, पण वायर ३६ धरूनच घ्यायची. ४ गेज तांबं, बॅटरीशी ६० चा फ्यूज. गाडीच्या अल्टरनेटरवर जो आकडा असतो त्यातून एसी, दिवे, इंजिनचं काम वजा केलं की फार मोठा साठा उरत नाही, त्यामुळे हजार वॅट आरएमएसच्या वर जायचं असेल तर ॲम्पच्या आधी अल्टरनेटरचा विचार करा.

दारांच्या स्पीकरसाठी चार चॅनलचा घ्यायचा का, हे बरेच जण विचारतात. स्टिरिओवर '५० वॅट × ४' लिहिलेलं असतं म्हणून ॲम्प नको वाटतो. १४.४ व्होल्टवर ४ ओहमला असा आउटपुट न फाटता २६ वॅटच्या वर जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात २० च्या अलीकडे-पलीकडेच राहतो. ६० वॅट आरएमएसचे स्पीकर बसवले असतील तर चॅनलला ५० ते ७५ वॅटचा ॲम्प त्यांचा गळा मोकळा करतो. ८० हर्ट्झच्या आसपास हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा, बेसचं ओझं सबकडे द्या.

कंपनीचाच स्टिरिओ ठेवायचा असेल तर स्पीकर लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारं) असलेला ॲम्प बघा. असे बरेच ॲम्प स्पीकरच्या वायरीतला डीसी ओळखून आपोआप चालू होतात, रिमोटची वायर शोधत बसावं लागत नाही.

गेनचं बटण

इतकं सगळं करून जर गेन अंदाजाने फिरवला तर परत लाल दिवा, किंवा त्याहून वाईट, जळक्या कॉइलचा वास. गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टिरिओकडून २ व्होल्ट येतात की ४, त्यानुसार ॲम्पला जुळवायचं ते बटण आहे. जास्त फिरवला तर ॲम्प काही जास्त वॅट तयार करत नाही, लाटेचे माथे छाटतो. छाटलेली लाट चौकोनी होत जाते आणि कॉइलला दुपटीपर्यंत उष्णता देते.

आम्ही असा लावला. सब सुटा केला. इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, गेन पूर्ण खाली. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश. शून्य डेसिबलचा, म्हणजे पूर्ण लेव्हलला रेकॉर्ड केलेला, ५० हर्ट्झ टोन. मीटर एसी व्होल्टवर, ॲम्पच्या आउटपुटला. किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४०० गुणिले ४ म्हणजे १६००, वर्गमूळ ४०. मेहुण्याला स्क्रू ड्रायव्हर दिला आणि मी आकडे वाचत राहिलो. ३१, ३६, ३९, "थांब." बटण जेमतेम एक-तृतीयांश फिरलं होतं. त्याला ते पटेना. "दाजी, अजून इतकं उरलंय की." उरलेलं उरू दे. कायम मार्करने बटणाशेजारी एक रेघ मारून ठेवली.

बेस बूस्ट शून्यावरच का? १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला १६ पट वॅटची मागणी. ॲम्पकडे १६ पट नसतात. भोकाची पेटी असेल तर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) पेटीच्या ट्यूनिंगच्या फ्रीक्वेन्सीच्या थोडं खाली, बहुधा २५ ते ३० हर्ट्झच्या दरम्यान, लावून टाका.

नव्या ॲम्पनंतर एक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर परत अर्थकडेच बघा. स्टिरिओ आणि ॲम्प यांच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक असला की आरसीएतून ती शिट्टी शिरते. ॲम्पला लावलेले आरसीए काढल्यावर शिट्टी थांबली तर ती पुढून येतेय, नाही थांबली तर ॲम्पच्या जवळच काहीतरी आहे. प्लसची जाड वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची सवय ठेवा.

परवा परत फोन आला. "दाजी..." मी श्वास रोखला. "मागची नंबरप्लेट खडखडतेय हो, काय करू?"

प्लेटच्या मागे फोमची पट्टी चिकटव आणि स्क्रूखाली रबरी वॉशर टाक, म्हटलं.